एक खडा, एकच रेणू : विशाल सहसंयुज पदार्थ समजून घेताना

एक कॅरटचा हिरा म्हणजे ०.२ ग्रॅम कार्बन. त्यात रेणू किती, असं विचारलं की बहुतेक जण लगेच ॲव्होगॅड्रो अंक घेऊन आकडेमोडीला बसतात. तेवढ्याच वजनाच्या साखरेसाठी ते योग्यच आहे. तिथं उत्तर येतं ३५ वर १९ शून्यं. हिऱ्यासाठी मात्र उत्तर आहे : एक. अणू मोजले तर १ वर २२ शून्यं एवढे भरतात, पण ते सगळे एकमेकांत असे गुंतलेले असतात की एका अणूवरून निघालात तर बंधांवरूनच चालत खड्याच्या कुठल्याही टोकाला पोचता येतं. वाटेत कुठं फट लागत नाही.

अशा पदार्थांना विशाल सहसंयुज पदार्थ म्हणतात. इंग्रजी माध्यमातली मुलं ‘जायंट कोव्हेलंट’ म्हणतात, काही पुस्तकांत ‘सहसंयुज जाल’ असा शब्द सापडतो. नाव कुठलंही चालेल. हिरा, ग्रॅफाइट, वाळूतलं सिलिका, सिलिकॉन, सिलिकॉन कार्बाइड, बोरॉन नायट्राइड ही यातली नेहमी भेटणारी मंडळी. यांचे गुणधर्म पाठ करायला बसलात तर यादी लांबते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सगळी एकमेकांत मिसळते. त्यापेक्षा प्रत्येक गुणधर्मासाठी दोनच प्रश्न विचारायची सवय लावा : हे घडायला काय तुटावं लागेल? आणि आत हलू शकेल असं काय आहे? खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांभोवतीच फिरतात.

पायरी १ : आधी रेणू शोधा, सापडला तर थांबा

सहसंयुज बंध म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेणं, एवढं माहीत आहे असं धरून चालतो. पाणी, कार्बन डायऑक्साइड, आयोडीन, साखर हे सगळे सहसंयुजच पदार्थ. पण त्यांच्यात बंधांची साखळी लवकर संपते. पाण्यात ऑक्सिजनने दोन हायड्रोजन धरले की विषय मिटला; तिन्ही अणूंची गरज भागली, रेणू पूर्ण झाला. शेजारचा पाण्याचा रेणू त्याला ओढतो, पण ते ओढणं बंधाच्या मानाने दुबळं असतं.

विशाल रचनेत बंधांची साखळी संपतच नाही. म्हणून कुठलाही सहसंयुज पदार्थ समोर आला की पहिलं काम एकच : एका अणूपासून सुरुवात करा आणि बंधांवरून चालत राहा. मोजक्या अणूंनंतर रस्ता संपला, तर तो साधा रेणू. संपलाच नाही, तर विशाल रचना.

इथे तीन पदार्थ नवख्याला हमखास फसवतात. पहिला बर्फ. त्यात रेणूंची सुंदर जाळी असते खरी, पण ती हायड्रोजन बंधांची, म्हणजे रेणूरेणूंमधल्या त्या दुबळ्या ओढीची असते, सहसंयुज बंधांची नव्हे. म्हणून तर तो ० अंश सेल्सिअसला वितळतो. दुसरं पॉलिथिन. त्याची साखळी हजारो अणूंची असली तरी तिला टोक असतं आणि दोन साखळ्यांमध्ये दुबळंच बल असतं, म्हणून ते सहज मऊ होतं. तिसरा पदार्थ सगळ्यात लबाड : फुलरीन, म्हणजे ६० कार्बन अणूंचा फुटबॉल. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांच्या प्रयोगांत तो १९८५ मध्ये सापडला, त्यासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. कार्बनचाच आहे म्हणून मुलं त्याला हिऱ्याच्या रांगेत बसवतात. पण ६० अणूंनंतर तो चेंडू बंद होतो. तो रेणू आहे, टोल्युइन या द्रावकात विरघळतो आणि द्रावण जांभळं दिसतं. हिरा कशातच असा विरघळत नाही.

पायरी २ : हिरा हाताने बांधा

आकृती बघून हिरा समजतो असं वाटतं, पण समजत नाही. सतरा मातीच्या गोळ्या आणि सोळा टूथपिक घ्या. एका गोळीत तीन काड्या तिपाईसारख्या खाली आणि चौथी सरळ वर खोचा. कुठल्याही दोन काड्यांमधला कोन सारखाच वाटला पाहिजे; तो १०९.५ अंश असतो. याला चतुष्फलकीय मांडणी म्हणतात. आता चारही काड्यांच्या टोकांना गोळ्या लावा आणि त्या प्रत्येकीला आणखी तीन काड्या, तीन गोळ्या. मधली एक, भोवतीच्या चार, त्यांच्या पलीकडच्या बारा, झाल्या सतरा.

आता मॉडेल दाबून बघा. माती मऊ असूनही ते कुठल्या एका दिशेला सहज घसरत नाही, कारण घसरायला सपाट जागाच नाही. आणखी थोड्या गोळ्या जोडल्यात तर सहा-सहा अणूंची कडी तयार होताना दिसतील, आणि ती सपाट नसून वर-खाली दुमडलेली असतील. ब्रॅग पिता-पुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्याची नेमकी हीच रचना उलगडली. दोन शेजारी कार्बनमधलं अंतर १५४ पिकोमीटर, सगळीकडे तेवढंच.

बांधताना एक शंका यावी, आणि आली नाही तर मी विचारतो : कडेच्या गोळ्यांचे रिकामे हात कुणी धरायचे? खऱ्या हिऱ्यातही पृष्ठभागावर हा प्रश्न असतोच. तिथं बहुधा हायड्रोजन किंवा ऑक्सिजनचे अणू चिकटलेले असतात. एवढ्या प्रचंड जाळ्यात त्यांची संख्या नगण्य, म्हणून आपण हिऱ्याला शुद्ध कार्बन म्हणतो. हा कार्बनच आहे हे स्मिथसन टेनंट यांनी १७९७ मध्ये हिरा चक्क जाळून दाखवलं : तेवढ्याच वजनाच्या कोळशातून जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो, तेवढाच हिऱ्यातूनही निघाला.

पायरी ३ : ‘काय तुटेल?’ हा प्रश्न आकड्यांनी सोडवा

आता हिऱ्यातले सगळे अणू सुटे करायचे आहेत असं धरा. किती ऊर्जा लागेल? प्रत्येक कार्बनला चार बंध आहेत, पण प्रत्येक बंध दोघांत वाटलेला आहे, म्हणून एका अणूच्या वाट्याला दोनच येतात. १२ ग्रॅम हिऱ्यात, म्हणजे एक मोल (ॲव्होगॅड्रो अंकाइतके अणू) कार्बनमध्ये, दोन मोल बंध. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला सुमारे ३५० किलोज्यूल प्रति मोल लागतात. दोनदा साडेतीनशे, म्हणजे सातशे. प्रत्यक्ष मोजलेली किंमत सुमारे ७१५ किलोज्यूल आहे. अशा ढोबळ हिशोबाला एवढं जवळचं उत्तर येणं मला अजूनही सुखावतं.

आता याच्या शेजारी कार्बन डायऑक्साइड ठेवा. घन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे शुष्क बर्फ, उणे ७८.५ अंशाला थेट वायू होतो आणि त्यासाठी मोलमागे जेमतेम २५ किलोज्यूल लागतात. त्यातले कार्बन-ऑक्सिजन बंध हिऱ्यातल्या बंधांपेक्षा कितीतरी मजबूत आहेत! पण त्यांना कुणी हातच लावत नाही; रेणू अख्खेच्या अख्खे एकमेकांपासून दूर होतात. म्हणजे ‘सहसंयुज बंध मजबूत असतात म्हणून द्रवणांक उच्च’ हे वाक्य अर्धवट आहे. बंध दोन्हीकडे मजबूत आहेत. एकीकडे ते तोडावे लागतात, दुसरीकडे लागत नाहीत.

उत्तरपत्रिकेत सर्वाधिक गुण याच जागी जातात. ‘हिऱ्यातील आंतररेण्वीय बल खूप प्रबळ असतं’ असं लिहिणाऱ्याने एका वाक्यात सगळं घालवलं, कारण हिऱ्यात वेगळे रेणूच नाहीत, मग त्यांच्यातलं बल कुठून आणणार? ‘आंतररेण्वीय’ हा शब्द विशाल रचनेच्या उत्तरात आला की समजावं, काहीतरी चुकलंय. (ग्रॅफाइटच्या थरांमध्ये दुबळं बल असतं ते वेगळं, त्याला थरांमधलं बल म्हणा.)

आणखी एक बारकावा. हिऱ्याचा द्रवणांक म्हणून साडेतीन हजार अंशांच्या आसपासचा आकडा छापलेला दिसतो. साध्या दाबाला हिरा वितळतच नाही. हवा नसेल तर तापवत नेल्यावर त्याचं ग्रॅफाइट होतं, आणि ग्रॅफाइट ३६०० अंशांच्या वर घनातून थेट वायू होतं. हवेत तापवलं तर त्याच्या कितीतरी आधीच हिरा जळून जातो. तेव्हा ‘अतिशय उच्च’ एवढंच लिहिलेलं बरं.

पायरी ४ : ग्रॅफाइटपाशी थोडं रेंगाळा

माझ्या मते हा संपूर्ण धडा ग्रॅफाइट समजण्यासाठीच आहे. कार्बन तोच, तरी हिरा पारदर्शक आणि ग्रॅफाइट काळं. हिरा काचेवर ओरखडा काढतो आणि ग्रॅफाइट कागदावर स्वतःच झिजतं. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या रूपांना अपरूपं म्हणतात.

ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तिघांनाच धरतो, १२० अंशांच्या कोनात, एकाच पातळीत. त्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनांची सपाट चादर बनते आणि अशा चादरी एकावर एक रचल्या जातात. चादरीतल्या चादरीत शेजारचा अणू १४२ पिकोमीटरवर, तर वरची चादर ३३५ पिकोमीटरवर. ही दोन अंतरं लक्षात ठेवलीत तर बाकी बरंचसं आपोआप निघतं. ३३५ हे १४२ च्या जवळजवळ अडीचपट. एवढ्या लांबून सहसंयुज बंध होत नाही, फक्त व्हॅन डर वाल्स नावाचं दुबळं बल उरतं. मधे एवढी मोकळी जागा असल्यामुळे ग्रॅफाइटची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.२६ ग्रॅम भरते, हिऱ्याची ३.५१. ही थरांची रचना जे. डी. बर्नाल यांनी १९२४ मध्ये नक्की केली.

आता एक कोडं. १४२ हे १५४ पेक्षा कमी आहे, आणि आखूड बंध साधारणपणे जास्त मजबूत असतो. म्हणजे ग्रॅफाइटमधला बंध हिऱ्यातल्यापेक्षा मजबूत! तरीही ग्रॅफाइट मऊ. कसं काय?

आपला प्रश्न विचारा : बोटांना ग्रॅफाइट लागतं तेव्हा काय तुटतं? चादर फाटत नाही, चादर सरकते. तुटतं ते थरांमधलं दुबळं बल. कठीणपणा हा सगळ्यात मजबूत बंधावर ठरत नसतो, सगळ्यात कच्च्या दिशेवर ठरतो. हिऱ्यात चारही दिशा सारख्या, ग्रॅफाइटमध्ये एक दिशा उघडी. पण ग्रॅफाइट वायूत न्यायचं असेल तर चादरीही उसवाव्या लागतात, आणि तिथं त्याचा तो मजबूत बंध आडवा येतो. मऊपणा आणि प्रचंड उच्च तापमान एकाच पदार्थात नांदतात ते असे.

वीजवाहकताही याच हिशोबात बसते. कार्बनकडे चार संयुजा (म्हणजे बंधांत वापरता येणारे) इलेक्ट्रॉन. तीन बंधांत गेले, एक उरला. हे उरलेले इलेक्ट्रॉन एका अणूपाशी बांधून राहत नाहीत, ते पूर्ण चादरीवर पसरलेले असतात आणि विद्युतदाब दिला की वाहतात. म्हणून ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, पण चादरीच्या दिशेने भरपूर आणि आडवं, एका थरातून दुसऱ्यात, त्याच्या शेकडो-हजारो पट कमी. हिऱ्यात चौघांचेही हात गुंतलेले, म्हणून तो दुर्वाहक. ‘मुक्त आयन’ असं चुकूनही लिहू नका. इथे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, नाहीतच.

एक चादर वेगळी काढता आली तर? २००४ मध्ये आंद्रे गाइम आणि कोन्स्टान्टिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत हे करून दाखवलं, आणि २०१० चं नोबेल त्यांना मिळालं. त्या एका थराला ग्राफीन म्हणतात. तीही विशाल रचनाच, फक्त दोन दिशांनी पसरलेली.

जाता जाता : ग्रॅफाइट निसरडं असतं ते थर घसरतात म्हणून, हे पुस्तकी उत्तर खरं आहे, पण पुरतं नाही. निर्वात पोकळीत ग्रॅफाइट वंगण म्हणून नीट चालत नाही आणि लवकर झिजतं, कारण हवेतली वाफ त्याच्या पृष्ठभागावर बसून घसरण सोपी करत असते. उंचावर उडणाऱ्या विमानांच्या विद्युत यंत्रांमधले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे तुकडे) भराभर झिजू लागले तेव्हा ही गोष्ट ठळकपणे ध्यानात आली. परीक्षेत पुस्तकी उत्तर लिहा, पण मनात हेही असू द्या.

पायरी ५ : पेन्सिलवर करून बघा

पेन्सिलीतलं ‘शिसं’ म्हणजे शिसं नव्हे, ग्रॅफाइट आणि चिकणमातीचं मिश्रण. लाकडी पेन्सिल दोन्ही टोकांना तासा. दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडा, त्यांच्याबरोबर १०० ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी लावा, आणि परिपथ पेन्सिलीच्या दोन टोकांतून पूर्ण करा. एलईडी लागला नाही तर त्याचे पाय उलटे करून बघा. त्याला दिशा असते. घरातल्या प्लगच्या विजेशी हा प्रयोग कधीही करायचा नाही, पेन्सिल तापून पेटू शकते.

मल्टिमीटर असेल तर ६बी आणि २एच या दोन पेन्सिलींचा रोध मोजा. एचमध्ये माती जास्त, ग्रॅफाइट कमी, म्हणून सारख्या लांबीला तिचा रोध जास्त यायला हवा. मग कागदावर ६बीने जाड पट्टा गिरवा आणि मीटरची दोन टोकं पट्ट्यावर जवळ, मग लांब अशी टेकवा. आकडा वाढत जाताना दिसेल. त्या पट्ट्यात ग्रॅफाइटचे सुटे पापुद्रे एकमेकांना टेकून बसलेत, त्यामुळे त्याचा रोध पेन्सिलीपेक्षा खूपच जास्त असतो.

पायरी ६ : वाळू, आणि ती कार्बन डायऑक्साइडसारखी का नाही

सिलिकॉन डायऑक्साइड हे नाव ऐकलं की कार्बन डायऑक्साइडसारखा सुटसुटीत रेणू डोळ्यांपुढे येतो. सूत्रही तसंच, एकास दोन. पण क्वार्ट्झच्या कणात असा रेणू शोधूनही सापडणार नाही. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमध्ये पुलासारखा बसतो. चार ऑक्सिजन, प्रत्येकात अर्धा वाटा, म्हणजे एका सिलिकॉनमागे दोन ऑक्सिजन. सूत्र इथे फक्त प्रमाण सांगतं, रेणू नाही.

कार्बन आणि सिलिकॉन दोघे एकाच गटातले, मग वागणं इतकं वेगळं का? पुस्तकं हा प्रश्न बहुधा टाळतात, आणि मला तो सगळ्यात गोड वाटतो. कार्बनला दोन पर्याय आहेत : ऑक्सिजनशी दोन दुहेरी बंध करून रेणू बंद करायचा, की चार एकेरी बंध करून जाळं विणायचं. कार्बन-ऑक्सिजन एकेरी बंध साधारण ३५८ किलोज्यूलचा. चार केले तर सुमारे १४३०. कार्बन डायऑक्साइडमधला दुहेरी बंध सुमारे ८०० चा. दोन केले तर १६००. दुहेरीत फायदा आहे, म्हणून कार्बन रेणू बनवतो. सिलिकॉनचा अणू मोठा, त्याची कक्षकं (इलेक्ट्रॉन वावरतात त्या जागा) ऑक्सिजनच्या कक्षकांवर बाजूने नीट बसत नाहीत, म्हणून त्याचा दुहेरी बंध दोन एकेरींची बरोबरी करत नाही. उलट सिलिकॉन-ऑक्सिजन एकेरी बंध चांगला साडेचारशेच्या घरात. चार केले तर १८०० च्या पुढे. सिलिकॉन जाळं विणतो.

पुरेसा दाब दिला तर कार्बनलाही जाळं विणावं लागतं. १९९९ मध्ये वातावरणाच्या सुमारे चार लाख पट दाबाखाली आणि लेसरने तापवून कार्बन डायऑक्साइडचं क्वार्ट्झसारखं विशाल रूप मिळाल्याचं प्रसिद्ध झालं.

सिलिकाचे गुणधर्म आता तुम्हीच सांगू शकाल. वितळायला १७०० अंशांहून जास्त लागतात, मोहज मापावर कठीणपणा ७, वीज वाहत नाही, पाण्यात वाळू विरघळत नाही. शेवटच्या मुद्द्याकडे जरा लक्ष द्या. मीठ विरघळतं कारण पाण्याचे रेणू आयनांना घेरून बाहेर ओढतात आणि त्यातून मिळणारी ऊर्जा आयनांचं जालक तोडण्याची भरपाई करते. सिलिकात ओढायला आयन नाहीत. सहसंयुज बंध तोडावे लागतील आणि तेवढी भरपाई पाणी देऊ शकत नाही.

पण न विरघळणं म्हणजे कशाशीच अभिक्रिया न होणं, असं समजू नका. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं, गरम आणि तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडशी सिलिकाची क्रिया होऊन सोडियम सिलिकेट बनतं. तिथं जुने बंध तुटून नवे होतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल अतिशय घातक आहे, ते वाचण्यापुरतंच ठेवा. वाळूचे मोठे कण हाताळायला हरकत नाही, मात्र सिलिकाची बारीक धूळ श्वासात जाऊ देऊ नये; वर्षानुवर्षं ती फुप्फुसात गेल्याने सिलिकोसिस होतो.

काच हीसुद्धा हीच मंडळी, फक्त शिस्त मोडलेली. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन तसेच, पण लांबवरची पुनरावृत्ती हरवलेली. म्हणून तिला ठरावीक द्रवणांक नसतो, ती हळूहळू मऊ होत जाते. खिडकीच्या काचेत सोडियम ऑक्साइड मिसळलेलं असतं. ते काही ऑक्सिजन-पूल तोडतं, जाळं विरळ होतं आणि काच बऱ्याच कमी तापमानाला घडवता येते.

पायरी ७ : दोन सोप्या नियमांना पडणारी भगदाडं

‘विशाल सहसंयुज पदार्थ वीज वाहत नाहीत, अपवाद ग्रॅफाइट.’ हे सुरुवातीला ठीक. पण सिलिकॉनची रचना हुबेहूब हिऱ्याची आहे आणि तो अर्धवाहक आहे. कारण त्याचे बंध लांब, २३५ पिकोमीटरचे, आणि दुबळे. बंधातला इलेक्ट्रॉन सुटा करायला हिऱ्यात सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, सिलिकॉनमध्ये १.१. साध्या तापमानालाही सिलिकॉनमधले थोडे इलेक्ट्रॉन ही उडी मारतात. त्याच लांब बंधांमुळे तो १४१४ अंशांनाच वितळतो.

दुसरा नियम : ‘मुक्त इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून उष्णताही वाहत नाही.’ हा तर साफ खोटा. हिरा तांब्याच्या जवळपास पाचपट चांगली उष्णता वाहतो. उष्णता नेण्याचं काम तिथं अणूंची कंपनं करतात. अणू हलका आणि बंध ताठ असले की कंपन भराभर पुढे सरकतं. ‘आत काय हलू शकतं?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी इलेक्ट्रॉनच असतं असं नाही.

आणि कठीण म्हणजे न फुटणारा, असंही नव्हे. हिऱ्यावर ओरखडा पडत नाही, पण ठरावीक पातळीत घाव बसला तर तो सरळ दुभंगतो. कारागीर हिरे पाडायचे ते याच गुणावर.

पायरी ८ : अनोळखी पदार्थ ओळखायचा असेल तर

एक पांढरी पूड दिली आहे. पाण्यात टाका. विरघळली आणि द्रावणातून वीज गेली, तर आयनिक असण्याची शक्यता मोठी. विरघळली पण वीज गेली नाही, तर साखरेसारखे साधे रेणू. विरघळलीच नाही, तर घाई करू नका. मेण आणि गंधकही विरघळत नाहीत, आणि काही आयनिक पदार्थही नाहीत. किंचित तापवा : चटकन वितळली तर रेणू. खूप तापवूनही काही झालं नाही, तर विशाल सहसंयुज किंवा न विरघळणारा आयनिक पदार्थ. या दोघांत फरक करायचा झाला तर वितळलेल्या स्थितीत वीज वाहते का ते बघतात. मॅग्नेशियम ऑक्साइडसारख्या आयनिक पदार्थात वाहते, सिलिकात अगदी नगण्य. अर्थात एवढं प्रचंड तापमान शाळेच्या प्रयोगशाळेत मिळत नाही, म्हणून प्रश्नपत्रिकेत ही माहिती तक्त्यात दिलेली असते.

उत्तर लिहिण्याची पद्धत एकदा बसवून घ्या. ‘सिलिकाचा द्रवणांक उच्च का?’ याला तीन वाक्यं पुरतात. सिलिकाची रचना विशाल सहसंयुज आहे. तिच्यात प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनशी आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनशी प्रबळ सहसंयुज बंधांनी जोडलेला असतो. वितळताना असे असंख्य बंध तोडावे लागतात, त्यासाठी खूप ऊर्जा लागते. आधी रचना, मग बंध, मग काय तुटतं. पाल्हाळ लावलात तर कुठंतरी ‘आंतररेण्वीय’ शिरतोच.

सरावासाठी एक पदार्थ देतो. बोरॉन नायट्राइडचं एक रूप पांढरं आणि हाताला निसरडं असतं, साधारण ३००० अंशांपर्यंत टिकतं, पण वीज वाहत नाही. खालचं वाचण्याआधी दोन मिनिटं कागदावर आकृती काढून बघा. बोरॉनकडे तीन संयुजा इलेक्ट्रॉन, नायट्रोजनकडे पाच. जोडीची सरासरी चार, म्हणजे दोन कार्बनइतकीच.

निसरडेपणावरून थर सुचायला हवेत : ग्रॅफाइटसारख्या षटकोनी चादरी, त्यात बोरॉन आणि नायट्रोजन एकाआड एक. उष्णतेपुढे टिकाव म्हणजे चादरीतले बंध सहसंयुज आणि प्रबळ. वीज का नाही? ग्रॅफाइटमध्ये सगळे अणू सारखे, म्हणून उरलेला इलेक्ट्रॉन कुणाच्याच मालकीचा नसतो. इथे नायट्रोजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो, ते चादरभर फिरत नाहीत, आणि म्हणूनच ही पूड काळी न दिसता पांढरी दिसते. हीच पूड प्रचंड दाबाखाली तापवली की थर मोडून हिऱ्यासारखी मांडणी होते, प्रत्येक अणूला चार शेजारी मिळतात. १९५७ मध्ये रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी ते घनीय रूप बनवलं. कठीणपणात ते हिऱ्याच्या खालोखाल आहे, आणि पोलाद घासायला तर हिऱ्यापेक्षा सरस, कारण तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो आणि हिरा झिजतो. बोरॉन नायट्राइडला ती भीती नाही.